सात पूर्णांक आठ टक्के ओलावा

शेफने वाटीतलं चिमूटभर मीठ उचललं, अंगठ्याने चोळलं आणि परत वाटीत सोडलं.

"हे ते मीठ नाही," तो म्हणाला.

दक्षिण मुंबईतल्या एका श्रीमंत वस्तीतलं ते फ्रेंच रेस्टॉरंट होतं. अशा छोट्या रेस्टॉरंटला तिकडे बिस्त्रो म्हणतात. दुपारचे साडेबारा वाजले होते. टेबलाशी आम्ही तिघे: मी, पेणजवळच्या खाडीकाठचा मिठागरवाला नामदेव आणि त्याची बायको सुगंधा. मी रोह्याच्या एका खासगी टेस्टिंग लॅबमध्ये एकवीस वर्षं ॲनालिस्ट आहे. नामदेवच्या मिठाच्या रिपोर्टवर माझी सही होती, म्हणून त्याने मला आणलं होतं. "तिथं इंग्रजी कागद काढतील साहेब. तुम्ही नुसतं बाजूला बसा."

शेफ मूळचा माहीमचा. स्वयंपाक फ्रान्समध्ये शिकलेला, पण मराठी चांगलं बोलायचा. मार्चमध्ये अलिबागला जाताना तो वडखळला थांबला होता. रस्त्याकडेला नामदेवची मिठाची गोण दिसली, म्हणून विचारत विचारत थेट मिठागरावर गेला. भर दुपार होती, वारा पडलेला होता. वाफ्यातल्या पाण्यावर मिठाचा पातळ पापुद्रा तरंगत होता. मिठागरात याला साय म्हणतात. आपल्याकडे ती कोणी ठेवत नाही. लाकडी फावडीने मोडून बुडवतात, म्हणजे खाली दाणा मोठा धरतो. शेफला मात्र ती सायच हवी होती. फ्रान्समध्ये हेच मीठ सगळ्यात वरचं समजतात, असं त्याने सांगितलं. आधी लॅबचा रिपोर्ट, मग दहा किलोची ट्रायल, आणि पसंत पडलं तर दरमहा चाळीस किलो. आयोडीन मिसळण्याचं काम तो स्वतःकडे करून घेणार होता.

नामदेवसाठी हा प्रश्न चाळीस किलोचा नव्हता. आदल्या पावसाळ्यात उधाणाने त्याच्या बांधाला खांड पडली होती. त्याने ती गोणी टाकून तात्पुरती बुजवली होती. पावसाआधी माती-दगडाने पक्की केली नाही, तर खाडी आत येणार हे नक्की होतं. गावातल्या पाच जणांनी मिठागरं आधीच सोडली होती. हा सहावा आणि शेवटचा. "ऑर्डर लागली तर बांध धरीन," तो मला म्हणाला होता. "नाय तर डोलवीच्या कारखान्यात ठेकेदाराकडं नाव देतो."

ओलाव्याची टेस्ट सोपी असते. दहा ग्रॅम मीठ ओव्हनमध्ये एकशे पाच डिग्रीवर वाळवायचं आणि पुन्हा वजन करायचं. जेवढं कमी भरलं तेवढं पाणी. नामदेवच्या सायीत ते सात पूर्णांक आठ टक्के निघालं. खाण्याच्या मिठाला मर्यादा सहा टक्के आहे. बाकी सगळे आकडे उत्तम होते. मी टेस्ट दोनदा केली आणि लॅबच्या मालकांकडे गेलो.

"सर, हे हॉटेलवाल्याला वेगळ्या कामासाठी हवंय म्हणे. रिमार्क लिहू का?"

"मर्यादेच्या वर आहे ना?"

"आहे."

"मग लिहा. आपण लॅब आहोत, सल्लागार नाही."

मी लिहिलं: ओलावा मर्यादेपेक्षा जास्त, पॅकिंगपूर्वी कमी करावा. वेगळं काम म्हणजे कोणतं, हे मी नामदेवला विचारलं नाही. शेफचा नंबर रिपोर्टच्या फॉर्मवरच होता. त्यालाही फोन केला नाही.

ट्रायलचं दहा किलो घेऊन आम्ही आलो होतो. आता टेबलावर पाव, लोणी आणि लाल मुळ्याच्या पातळ चकत्या आल्या होत्या. लोणी लावायचं, वर चकती ठेवायची आणि त्यावर मीठ भुरभुरायचं.

"मुळा खायला एवढ्या लांब बोलवलं व्हय?" सुगंधा नवऱ्याच्या कानात बोलली, पण ऐकू सगळ्यांना गेलं.

"गप गो. बघ तरी."

शेफने मुळ्यावर आमचं मीठ टाकलं. ते बारीक, कोरडं, पांढरंशुभ्र होतं. बघता बघता मुळ्याच्या पाण्यात विरघळून गेलं.

"काकी, हे दळलं का?" त्याने विचारलं.

"दळला नाय, कुटला." सुगंधा खुलली. "आधी तव्यावर भाजला, मंग उखळात. दोन दिवस लागले. आमच्यात पाव्हण्याकडं ओला मीठ नेत नाय, वाटेत पाझरतो. लेकीच्या सासरी पयला मीठ पाठवतो ना, तो पण भाजूनच. आणि साहेबांनी कागदावर लिवलाच व्हता, वल जास्त हाय म्हणून."

शेफने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. मग त्याने समजावून सांगितलं. सायीचा पापुद्रा त्या ओलाव्यामुळेच टिकतो. पदार्थावर टाकला की लगेच विरघळत नाही, दाताखाली कुरकुरतो. भाजला की पापुद्रा मोडतो आणि राहतं साधं मीठ.

"रिपोर्ट मीपण वाचला होता," तो म्हणाला. "मला तो ओलावा बघूनच बरं वाटलं होतं."

मी म्हणालो, "चूक माझी आहे."

"साहेबांचा काय दोष नाय," नामदेव घाईने म्हणाला. "कागद बरोबरच व्हता."

सुगंधाने मुळ्याची चकती ताटलीत परत ठेवली.

"पहिल्यासारखं थोडं आहे का शिल्लक?" शेफने विचारलं. "सोमवारपासून नवा मेनू आहे. तोपर्यंत मिळालं तरी चालेल."

"नाय. वारा सुटलाय दक्षिणेचा. आता साय धरत नाय."

मे महिन्याचा दुसरा आठवडा होता. तो खरंच बोलत होता.

"मग यंदा मला बाहेरचंच वापरावं लागेल. पुढच्या सीझनला नक्की बघू."

"पुढच्या सीझनला," एवढंच नामदेव म्हणाला.

शेफने जेवल्याशिवाय सोडलं नाही. लोण्यात परतलेला मासा आला, बटाटे आले. नामदेवने ताटलीत काही ठेवलं नाही. पाव फिरवून उरलेलं लोणीही पुसून खाल्लं. अन्न टाकणं त्याला जमलं नसतं. चव कशी होती हे मला आठवत नाही. परतीच्या एसटीत सुगंधाने एकदाच विचारलं, "मी विचारायला पायजे व्हतं का हो?" नामदेव म्हणाला, "कोनाला गो? कागदावर लिवला व्हता."

जूनमध्ये त्याने ठेकेदाराकडे नाव दिलं. ऑगस्टच्या उधाणात गोणी वाहून गेल्या. दिवाळीनंतर मी मुद्दाम तिकडे गेलो. वाफ्यांच्या कडा ओळखू येत नव्हत्या. ओहोटीच्या चिखलात बगळे उभे होते.

लॅबच्या फॉर्मवर 'नमुना कशासाठी' असा रकाना नव्हता. आता तो मी हाताने आखतो आणि भरल्याशिवाय सॅम्पल घेत नाही. मालक म्हणतात, वेळ जातो. तीन-चार मिनिटं जातात. मी मोजली आहेत.

ट्रायलचं दहा किलो मीठ नामदेवने परत नेलं नाही. "तुमच्या घरी वापरा," म्हणाला. मी त्याची टेस्ट केली. ओलावा शून्य पूर्णांक चार टक्के. आमच्या स्वयंपाकघरातली बरणी अजून त्याच मिठाची आहे. पावसाळ्यातसुद्धा ते पाझरत नाही.