माझ्या डोक्यातला दुसरा फुगा

माझ्या बायकोच्या मामांनी रायपुरातल्या लोकांच्या डोक्यांत जितकं डोकावून पाहिलंय, तितकं एखाद्या डॉक्टरनेही पाहिलं नसेल. त्या डोक्यांच्या मालकांनी तर मुळीच नाही. हयात रेल्वेत रूळ तपासण्यात गेली. आता रूळही नाहीत, मामीही नाहीत, म्हणून शिरा तपासतात. चौबे कॉलोनीत कुणाचं डोकं दुखलं, की त्याच्या स्कॅनची फिल्म मामांच्या गच्चीवर, कपड्यांच्या दोरीला चिमट्याने लटकते आणि मामा उन्हाकडे डोळे बारीक करून निकाल देतात. एका गृहस्थांना तर त्यांनी गुडघ्याची फिल्म पाहून ‘मेंदू शाबूत’ असं कळवलं होतं. गृहस्थ पेढे घेऊन आले.

माझ्या एमआरआयमध्ये मेंदूतल्या एका शिरेवर बारीक फुगा असल्याची शंका आली. असा फुगा फुटला तर माणूस जातो, हे कळल्यावर कुठलाही शहाणा डॉक्टरकडे धावला असता. मी फिल्म घेऊन गच्चीवर मामांकडे धावलो.

“जावईबापू, एमआरआय म्हणजे चालत्या गाडीच्या खिडकीतून रूळ पाहणं,” मामा म्हणाले. “सीटी अँजिओ म्हणजे ट्रॉलीवरून. बारीक तडा पाहाचा असन तर खाली उतरून पायीच चालावं लागते. म्हणजे ते तिसरं, मांडीतून नळी घालून करतात ते.” मग एकदम ओरडले, “अरे, हा दुसराबी फुगा हाय!”

मी खाली बायकोला हाक मारली. बायको वर आली, तिने नखाने दुसरा फुगा खरवडला. “मामा, काहून घाबरवून राहिले यांना? उडदाची डाळ आहे ही! बाजूला बिजौरीच्या वड्या वाळत घातल्या ना मी!”

मामांनी चष्मा पुसला. “हव. पण पहिला नाही निघून राहिला.”

पहिला सीटी अँजिओतही निघेना की नक्की ठरेना. शेवटी डॉक्टरांनीही पायीच चालायचं ठरवलं. नळी गेली, आणि कळलं की फुगा नाहीच. फाटा फुटतो तिथे शीर जन्मतःच जराशी रुंद, निरुपद्रवी.

दुसऱ्या दिवशी ऑटोतून घरी येताना मला कंठ फुटला. “काय मामा, तीन-तीन स्कॅन, अन् निघालं काय? काहीच नाही!”

मामा हसले नाहीत. बाहेर बघत म्हणाले, “तुमच्या मामीचा एकच काढला होता. साफ आहे म्हणे. मीच म्हटलं तिले, चाल घरी, काही नाही होत तुले.”

पुढे घरापर्यंत त्यांनी माझा हात धरून ठेवला होता.