नाडी धरून वाट बघणाऱ्या मॅडम

मॅडम गेल्याची बातमी आमच्या शनिवारच्या वर्गाच्या ग्रुपवर आली तेव्हा मी कॉलेजच्या ग्रंथालयात होते. डॉ. हरीशनी एकच ओळ लिहिली होती. मी फोन पालथा ठेवला. आणि... हे लिहावं की नाही, बरेच दिवस ठरत नव्हतं... मला पहिल्यांदा जे वाटलं ते दुःख नव्हतं. 'बरं झालं, मी त्यांना सांगितलं होतं,' एवढंच मनात आलं. रडू नंतर आलं, घरी जाताना, बसमध्ये उभ्यानेच.

डॉ. वत्सला आगवेकर नवऱ्याच्या नोकरीमुळे वीसेक वर्षांपूर्वी महाराष्ट्रातून म्हैसूरला आल्या आणि एका वैद्यकीय महाविद्यालयात मेडिसिन शिकवून निवृत्त झाल्या. त्यानंतर त्यांनी घराच्या वरच्या खोलीत शनिवारी दुपारी एक वर्ग सुरू केला. तिथे शिकायला डॉक्टर यायचे. वॉर्डात पेशंट तपासणारे आणि तिथेच मुलांना शिकवणारे डॉक्टर. आपण शिकवतो ते मुलांपर्यंत पोचतं का, हे शोधायचं कसं, त्यासाठी कोणाला काय विचारायचं, आलेल्या उत्तरावर कितपत विश्वास ठेवायचा, हे मॅडम त्यांना शिकवायच्या. मी अर्थात त्यातली नव्हे. मी बी.ए. करते, आमच्या घरातून कॉलेजात गेलेली पहिलीच. मुलाखती घेऊन टाइप करायला कन्नड नीट येणारी मुलगी हवी होती, म्हणून मी तिथे पोचले. अप्पांना हे काही पटेना. ते नंजनगूडच्या एका कारखान्यात आहेत. "डॉक्टर झाल्यावर अजून काय शिकायचं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, शिकवायला शिकतात. "मग ह्या बाईला कोण शिकवलं? सुम्ने, उगाच काहीतरी सांगू नको."

पहिल्या भेटीत मॅडमनी मला विचारलं, "तुला हे काम का करावंसं वाटतं?" मला उत्तर सुचेना. त्यांनी उजव्या हाताची दोन बोटं डाव्या मनगटावर ठेवली आणि खिडकीबाहेर बघत बसल्या. बराच वेळ. मी घाबरले. "मॅडम, बरं वाटत नाही काय? डॉक्टरला बोलवू?" त्या इतक्या हसल्या की त्यांना खोकला आला. "अगं, डॉक्टर मीच आहे. प्रश्न विचारला की आम्हा शिक्षकांना गप्प बसवत नाही. दोन सेकंदांत आपणच उत्तर देऊन मोकळे होतो. म्हणून मी स्वतःची नाडी धरते. वीस ठोके होईपर्यंत तोंड उघडायचं नाही."

"आणि तरी उत्तर नाही आलं तर?"

"तर आणखी वीस."

काम मला मिळालं. माझ्या मराठीची त्या थट्टा करायच्या. आमचे पूर्वज म्हैसूरच्या फौजेत आले होते, हे त्यांना मीच सांगितलं होतं. "तुझी मराठी अजून फौजेतच आहे गं, बूट घालून चालते." मी म्हणायचे, तुमची कन्नड तर अजून रांगतेच आहे. वीस वर्षं इथे राहून त्या भाजीवाल्याशी बोटांनी बोलायच्या.

डॉ. हरीश सर्जन आहेत आणि आमच्या वर्गात सगळ्यांत उत्साही. पेशंटच्या खाटेशी उभं राहून ते मुलांना प्रश्न विचारतात. अशा वेळी मुलांना 'गोत्तिल्ला', म्हणजे 'माहीत नाही', असं मोकळेपणानं म्हणता येतं का, हे त्यांना शोधायचं होतं. मॅडमचा नियम होता की शिक्षकानं आपल्याच विद्यार्थ्यांना असं विचारायचं नाही, त्यांचे आवाजसुद्धा ऐकायचे नाहीत. म्हणून अकरा मुलामुलींशी मी बोलले. काहीजण टी. नरसीपूर, एच. डी. कोटेकडच्या गावांतले, माझ्यासारखेच घरातले पहिले. सरांच्या वॉर्डाबद्दल विचारलं की ते अडखळायचे. वाक्य सुरू करायचे, सोडून द्यायचे, जमिनीकडे बघायचे. घरी कानात इअरफोन घालून ते ऐकताना मला फार वाईट वाटलं. मीही तशीच बोलते. मॅडमनी सांगितलं होतं, "जसं बोलले तसं लिही." मी ते ऐकलं होतं, तरी लिहिलं त्यांना जे म्हणायचं असेल ते. अर्धी वाक्यं जोडली, मधली शांतता काढून टाकली. नरसीपूरच्या एका मुलीनं खूप थांबून, "म्हणतो... म्हणजे तसं काही... म्हणतो आम्ही," असं म्हटलं होतं. मी लिहिलं, 'माहीत नसेल तर आम्ही तसं सरळ सांगतो.' मला वाटलं, मी ह्या सगळ्यांना इस्त्री केलेले कपडे घालून डॉक्टरांसमोर पाठवते आहे.

सर खूश झाले. माझ्या वॉर्डात मुलं मोकळी आहेत, असं त्यांनी वर्गात सांगितलं आणि एका जर्नलसाठी पेपर लिहायला घेतला. नंतरच्या एका शनिवारी नव्या डॉक्टरांसाठी मॅडमनी दुसऱ्याच एका कामाचं जुनं रेकॉर्डिंग लावलं. तोवर त्यांच्या पायांवर सूज आली होती, जिना चढायला त्यांना दोनदा थांबावं लागे. त्या म्हणाल्या, "बोलणारा जितके सेकंद थांबेल तितकी टिंबं द्या. माणूस कुठे थांबला हेही त्याचं उत्तर असतं. ते पुसलंत तर उत्तरच पुसलंत." मी मागे हजेरीचा कागद घेऊन बसले होते. मला मी जोडलेली ती सगळी वाक्यं आठवली. पेपर पुढच्या आठवड्यात जायचा होता.

त्या दिवशी मी बोलले नाही. दुसऱ्या दिवशी मॅडमना हॉस्पिटलात नेलं, आणि मला वाटलं, आता तर सांगताच येणार नाही. शेवटी अप्पांना सांगितलं. त्यांनी जेवणाचं ताट बाजूला केलं. "आमच्याकडे कोण रीडिंग चुकीचं लिहिलं तर एकच विचारतात, माल गेटाबाहेर गेला काय?"

"नाही अजून."

"मग जाऊन सांग. आयतु, झालं."

दुपारी भेटीच्या वेळेत गेले. मॅडम उशांना टेकून बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "का केलंस असं?" आणि बोटं मनगटावर ठेवली. तिथे सलाइनची पट्टी होती, तरी तिच्याशेजारी जागा शोधून ठेवली. मी म्हटलं, "मला त्यांची लाज वाटली... म्हणजे... माझीच."

"रेकॉर्डिंग पुसलीस?"

"नाही."

"मग काहीच गेलेलं नाही." त्यांनी डोळे मिटले. "आणि ही चूक तू एकटी मिरवू नकोस. लिहिलेलं रेकॉर्डिंगशी ताडून बघायचं काम माझं होतं. मी तीन पानं वाचली, छान वाटली, सही केली. इतकं छान कोणी बोलतं का कधी?"

मी जिन्यात येऊन बसले. छातीवरचं ओझं गेलं होतं.

त्यांनी सरांना फोन करून पेपर थांबवला. घरी परतल्यावर रोज सकाळी त्या पलंगावर इअरफोन घालून ऐकायच्या, मी टिंबं द्यायचे. दमल्या की म्हणायच्या, "थांब, आता माझी टिंबं." अकराच्या अकरा मुलाखती आम्ही पुन्हा लिहिल्या. नावं काढलेली पानं सरांनी तिथेच बसून वाचली. वाचता वाचता त्यांचा चेहरा उतरला. "पहिली पानं वाचायला बरी होती," ते म्हणाले.

"ती तुझ्याबद्दल होती, हरीश. ही मुलांबद्दल आहेत."

मॅडमची बोटं मनगटावर गेली. मी मनात ठोके मोजले. शेवटी सर म्हणाले, "मग मी आता काय करू?"

"ते मुलांना विचार. आणि विचारून झालं की गप्प बस."

सर गेल्यावर मॅडमनी ती पानं मांडीवर घेतली. टिंबांच्या एका लांब ओळीवरून बोट फिरवत म्हणाल्या, "बघ, किती बोलतायत." ही आमची शेवटची भेट.

त्यांच्यानंतर वर्ग चालेल की नाही, कोणालाच माहीत नव्हतं. गेल्या शनिवारी सरांनी तो पुन्हा घेतला, त्याच खोलीत. आठ नवे डॉक्टर होते. मॅडमची खुर्ची खिडकीशी तशीच होती, तिच्यावर कोणी बसलं नाही. सर म्हणाले, "दीपा, ती टिंबं कशी आली, ते तू सांग." मी उभी राहिले. आठ डॉक्टर माझ्याकडे बघत होते आणि मला पहिला शब्द सापडेना. सरांना थांबायची सवय नाही. त्यांनी बोलायला तोंड उघडलं... मिटलं... आणि उजव्या हाताची दोन बोटं डाव्या मनगटावर ठेवून ते खिडकीबाहेर बघायला लागले.

वीस ठोके झाले असतील, कदाचित चाळीस. कोणी घाई केली नाही. मग मी बोलायला लागले.