टोपीमागचे टक्स

नवऱ्याची बँकेतली बदली कोलकात्याला झाली आणि मी पुण्यातली नोकरी सोडून इथे आले. वर्षभरात ट्रेकिंगची पावसाळी जॅकेटं करणाऱ्या एका छोट्या कंपनीत डिझायनर म्हणून लागले. कापड, चेन, खिसे, टोपी सगळं मी इथे ठरवायची, शिवून मात्र व्हिएतनामहून यायचं. मग जहाजाचं भाडं एकदम चढलं. मालकांनी कोलकात्याजवळ बजबजला एक शेड घेतली आणि इथेच शिवायचं ठरवलं. शिवणाऱ्या बायका शोधायचं काम माझ्याकडे आलं.

ती तिथे भेटली. पन्नाशीची, ज्यूट मिलमध्ये बावीस वर्षं पोती शिवलेली. तिच्या हातची शिवण बघितली आणि मला ती हवीच झाली.

"दीदी, मिल सोडा," मी म्हटलं. माझी बांगला मोडकी, तिची हिंदी तशीच, पण आमचं जमायचं. "इथे धूळ नाही, खोकला नाही."

"टिकेल का हे?"

"टिकेल," मी म्हणाले. तसं मला कुणीही सांगितलेलं नव्हतं.

तिने मिल सोडली. शिवणीतून पाणी आत येऊ नये म्हणून गरम यंत्रावर टेप चिकटवतात, ते ती आठवड्यात शिकली. एका दुपारी तिने तयार जॅकेट अंगात घातलं, टोपी ओढली आणि मान डावी-उजवी करत राहिली.

"मान वळते, टोपी का वळत नाही गं? डोळा झाकला जातोय. पाय कुठे टाकायचा ते दिसणार कसं?"

ती टोपी मी सहा वर्षं तशीच कापत होते. डोंगर चढणारी माणसं ती हाताने मागे सारायची आणि मला वाटायचं, टोप्या अशाच असतात. तिने डोंगर पाहिला नव्हता. डोक्यावर प्लास्टिकचं पोतं घेऊन स्टेशनपासून मिलपर्यंत पावसात चालली होती, तेवढंच. तिने टोपी उसवली, मानेशी ब्लाउजला घालतात तसे दोन तिरके टक्स घातले, परत उसवले, परत घातले. चौथ्या दिवशी टोपी मानेबरोबर वळली. मी तिला मिठीच मारली.

पुढे जहाजाचं भाडं उतरलं. व्हिएतनामच्या कारखान्याने दरही कमी केला. मालक म्हणाले, "बजबज आता परवडत नाही. महिनाअखेर बंद करू. तुम्ही नव्या टोपीचा पॅटर्न तिकडे पाठवून द्या."

मी दोन दिवस भांडले. तिसऱ्या दिवशी पाठवला.

शेडमध्ये जाऊन सांगितलं तेव्हा बाकीच्या बायका एकदम बोलायला लागल्या. तिने यंत्र बंद केलं आणि ते थंड होईपर्यंत तिथेच उभी राहिली. मग माझ्याकडे वळली.

"टक्स पण पाठवलेस?"

"हो."

"डावा एक सूत कमी घ्यायचा, हे लिहिलंस? कापड त्या बाजूला ओढतं. नाहीतर तिकडच्या बायकांना फुकट बोलणी बसतील."

मी लिहिलं नव्हतं. ऑफिसला परत येऊन दुसरी मेल केली. डावा टक, एक सूत कमी. ती ओळ टाइप करताना मला रडू आवरेना.

मिलने तिला परत घेतलं नाही. मी भेटायला गेले तेव्हा ती घरी ठेक्यावर नाइट्या शिवत होती. तिने चहा केला, नातीची वही दाखवली. ती काहीतरी टाकून बोलेल म्हणून मी तासभर बसून राहिले. ती बोलली नाही.

त्यानंतर तिकडचा पहिला नमुना आला. मालकांनी मीटिंगमध्ये टोपी घालून सगळ्यांसमोर मान फिरवली. "वा! काय डोकं लावलंय तुम्ही!"

सात-आठ माणसं माझ्याकडे बघत होती. ती कोण, कुठली, हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी "थँक्यू सर" म्हणाले.

यंदा दुर्गापूजा संपल्यावर विजयेच्या शुभेच्छा द्यायला तिचा फोन आला. माझ्या मुलाची चौकशी केली, तो घरात मराठी बोलतो की नाही विचारलं. मग म्हणाली, "टोपी कशी झाली गं तिकडे?"

"छान झाली, दीदी."

"वळते?"

"वळते."

ती खूश झाली. मीटिंगमधलं मी तिला सांगितलं नाही.