कचऱ्यावर रागावलेला मामा

उभ्या रत्नागिरीत माझ्या मामाइतका कचऱ्यावर राग धरणारा माणूस झाला नाही. मी पत्रकं वाचत आणि वाटत वाढलो, राग मला नवा नाही. पण माझा राग सरकारवर, मामाचा एका जादा कपावर. मांडवीच्या त्याच्या घरी चार पाहुणे आले तरी कप दोनच निघत. पहिल्या दोघांचा चहा संपला की तेच विसळून पुढच्यांना. "नवा कप काढायला अक्कल लागत नाही," तो म्हणायचा. मामी आतून म्हणायची, "अहो, कपाट भरलंय कपांनी. त्यांना काय माहेरी पाठवू?"

मामा गणिताचा मास्तर. ऐंशीच्या दशकात शाळेला एक संगणक मिळाला आणि मामाने त्यावर एसटीचा फलक केला. पडद्यावर गावांची नावं उजवीकडून डावीकडे सरकायची. संस्थेची माणसं बघायला येणार होती. पसंत पडलं नाही तर संगणक दुसऱ्या शाळेत जाणार होता. तालमीत राजापूर अर्ध्यावर आलं आणि थांबलं ते थांबलंच.

"मामा, मेलं हे."

"मेलं नाही रे, झाडतंय. मामी दारापुढचं खळं झाडताना कुणाला पाय ठेवू देते का?"

नाव एक घर सरकलं की यंत्र अख्खी ओळ आपल्या स्मृतीत नव्या जागी लिही, जुनी तशीच टाकी. जागा भरली की सगळं काम थांबवून, टाकून दिलेल्या ओळी काढत बसे. यंत्र बनवणाऱ्यांचा निषेध करायला हवा, असं मी तावातावाने म्हणालो.

"झाडणाऱ्याला शिव्या कशाला? पसारा मी केलाय."

घरी येऊन मी हे सांगितलं, तर मामी इतकी खूश झाली की तिने आम्हा तिघांसाठी सहा कप काढले. मामाने चहा पिऊन सहाही कप स्वतः विसळले. मग शाळेत जाऊन त्याने, घरच्या दोन कपांसारखी, ओळीसाठी एकच जागा राखली आणि तिच्यातलीच अक्षरं बदलत ठेवली.

संस्थेची माणसं आली. नावं सुळसुळ सरकली. एकजण म्हणाला, "मास्तर, नाटे गावची गाडी वेळेवर येताना आजच पाहिली." संगणक राहिला.

त्याच वर्षी मामा निवृत्त झाला. पुढे फिरायला निघाला की शाळेच्या खिडकीशी रेंगाळायचा, आतली संगणकाची टकटक ऐकायचा. मी एकदा म्हटलं, "आत जा की, कोण नाही म्हणणार?"

"मी बसलो तर एका पोराची खुर्ची अडेल," म्हणाला, आणि टकटक थांबेपर्यंत तिथेच उभा राहिला.