लेझरने कापलेली फुंकणी

आमच्या भिलाईत कुणाच्याही घरात डोकावा, स्टील प्लांटच्या लोखंडाचं काहीतरी असायचंच. कुणाकडे झारा, कुणाकडे सिगडी, कुणाकडे तवा. घरच्या माणसाने भंगारातून स्वतः घडवून आणलेलं. ज्याने काहीच आणलं नाही, तो बायकांच्या नजरेत जरा कच्चाच.

माझा मोठा भाऊ प्लांट सोडून दूरच्या एका अणुप्रकल्पात गेला, तेव्हा आईचं हेच दुखणं होतं. तिथे वापरून झालेल्या इंधनाच्या कांड्या लेझरने कापायचं तंत्र बसवत होते. कांडी वापरून झाली तरी तिच्यातलं विष जात नाही, म्हणून जाड काचेच्या पलीकडे, यंत्राच्या हातांनी कापायची. दादा सरावाच्या रिकाम्या नळ्या कापायचा. आईला एवढंच कळलं, की पोरगा नळ्या कापतो.

"सारे आपल्या मायले आणून देतात. तू कावून नाही आणत?"

शेवटी एका सुट्टीत त्याने हातभर नळी आणली. तिची कड इतकी गुळगुळीत, की बोट फिरवत राहावंसं वाटे. "खाली नळी आहे, आत कधी काही भरलंच नव्हतं. शोकेसमध्ये ठेव," म्हणाला. आमच्याकडे कुठलं आलंय शोकेस! तो गेला आणि आईने अंगणातल्या चुलीसाठी तिची फुंकणी केली. शेजारणींना दाखवून दाखवून फुंकायची.

दिवाळीला दादा, वहिनी आणि त्यांची छोटी आली. सकाळी आई चुलीशी बसली होती, नळी ओठांना लावून. दादाने ती हिसकावलीच.

"कावून? खालीच आहे म्हणला होता ना तू?"

"हो, खालीच. मशीन जमवायले काही खाली नळ्या काचेच्या आत, त्या विषाच्या कांड्यांजवळ नेल्या होत्या. ही त्यातली नाही." मग तोच हळू म्हणाला, "नसेल."

मला त्याचा भयंकर राग आला. तेवढ्यात छोटी आजीकडे धावली. दादाने तिला मधेच उचललं.

आईने ते पाहिलं. पदराने ओठ पुसले आणि म्हणाली, "राहू दे बाई, बाबाजवळच राय."

तपासून सांगतो म्हणत दादा नळी घेऊन गेला. पुढे कितीदा तरी आला, पण नळीचं नाव काढलं नाही. आईनेही विचारलं नाही. नात आली की ती आधी मोरीत जाऊन चूळ भरायची, मग तिला मांडीवर घ्यायची. मुका मात्र तिने तिचा पुन्हा कधीच घेतला नाही.