साडूंनी सोडलेली विडी

विडी सोडण्याच्या कामात आमच्या थोरल्या साडूंचा हात धरणारा माणूस अख्ख्या भोर तालुक्यात सापडायचा नाही. लोक विडी ओढण्यात नाव कमावतात, यांनी सोडण्यात कमावलं. गेल्या चाळीस वर्षांत किती वेळा सोडली हे त्यांनाही सांगता येणार नाही, आणि प्रत्येक वेळी ती कायमची सोडलेली असे. हिर्डोशीला त्यांच्या घरी आम्ही कधीही जावं, ते एक तर नुकतीच विडी सोडून बसलेले असायचे, नाहीतर उद्यापासून सोडायची म्हणून आजचं बंडल घाईघाईनं संपवत असायचे.

सोडायची त्यांची रीत एकच. देवळात जायचं, बेलभंडारा उचलायचा आणि देवाला सांगायचं, की आजपासून विडीला शिवलो तर तू बघून घे. आमच्याकडे बेलभंडारा उचलला की पुढे बोलणं नाही. भावाभावांतले बांधाचे तंटे त्यावर मिटतात. साडूंचा विडीशी असलेला तंटा मात्र आठवडाभरात पुन्हा उभा राहायचा. मग ज्याला दिलेला शब्द मोडला त्या देवाला तोंड कसं दाखवायचं, म्हणून पुढच्या खेपेला दुसरा देव. असं करता करता घाटापासून भोरपर्यंतचे सगळे देव त्यांनी दुखावून ठेवले. एकदा पुतण्याचं लग्न देवीच्या देवळापुढच्या मांडवात होतं. सगळं वऱ्हाड अक्षता घेऊन आत, आणि हा सख्खा चुलता रस्त्यापलीकडे आंब्याखाली उभा. मी बोलवायला गेलो तर म्हणाले, "पाव्हणं, आत नगा वडू मला. परवा शबूद दिलाय तिला, न् काल मोडलाय. कुठल्या तोंडानं म्होरं उभा ऱ्हाऊ?" अक्षता त्यांनी तिथूनच टाकल्या. त्या एका म्हशीच्या पाठीवर पडल्या.

माझं भोरमध्ये औषधांचं दुकान आहे. विडी-सिगारेट सोडणाऱ्यांसाठी निकोटिनची चघळायची गोळी आणि अंगाला लावायची पट्टी, दोन्ही मी ठेवतो. तलफ धुराशिवाय भागवायची आणि हळूहळू कमी करत न्यायची, एवढंच त्यांचं काम. हे साडूंना सांगून माझा घसा कोरडा पडला, पण त्यांच्या लेखी ती लबाडी. "औशिद खाऊन सुटली तर ती औशिदानं सोडली. म्या कुठं सोडली? मानसानं मनावं घ्यावं न् सोडावी!" हे व्याख्यान ते माझ्याच दुकानात, माझ्याच गिऱ्हाइकांना द्यायचे. वरव्याच्या एका टेम्पोवाल्यानं ते ऐकून हातातली गोळ्यांची पाकिटं परत ठेवली आणि साडूंच्या पाया पडला. बाहेर पडल्यावर दोघांनी एकाच काडीवर विडी पेटवली.

एकदा माझ्या बायकोनं भरीला घातलं म्हणून त्यांनी पट्ट्या नेल्या. पंधरा दिवसांनी विचारलं, तर म्हणाले, "लई गुन आला बगा. गुडगा पार मोकळा झाला." पाठदुखीला लावतात तशी त्यांनी ती दुखऱ्या गुडघ्याला चिकटवली होती, आणि वर विडीही चालूच होती. त्यातली एक पट्टी शेजारच्या म्हातारीच्या कंबरेलाही गेली. जन्मात विडीला न शिवलेली ती बाई गरगरून खाली बसली, ओकली. साडूंच्या बायकोनं, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीनं, अक्कानं, ती पट्टी ओढून काढली तेव्हा कुठं म्हातारी सावरली. मी फोनवर खूप तापलो. साडू शांतपणे म्हणाले, "तिला न्हाई मानवली. तिचं दुखनं येगळं आसंल."

यावर आम्ही वर्षानुवर्षं हसलो. हसायचे थांबलो ते दोन वर्षांपूर्वी, भातकापणी आटपली त्या सुमाराला. अक्काचा दमा एकाएकी वाढला. घरात गॅस आला होता, चूल कधीच बंद झाली होती, पण साडूंची विडी बाहेरच्या ओट्यावर पेटायची आणि धूर दारातून आत यायचा. डॉक्टरांनी अक्काची छाती तपासून साडूंना स्पष्टच सांगितलं, की मी औषध देतो, पण धूर थांबला नाही तर त्याचा उपयोग नाही, बाई हातची जाईल. तिथून दोघं माझ्या दुकानात आली. चार पायऱ्या चढून अक्काला धाप लागली होती. बाकावर बसून जरा श्वास जमल्यावर ती नवऱ्याला म्हणाली, "देव बास झालं. आता माजी शपत घ्या."

बेलभंडारा उचलायला एका पायावर तयार असणारा हा माणूस, पण त्याचा हात वर येईना.

"तुजी न्हाई घेनार."

"देवाची घेता, न् माजी न्हाई? येवडी बी किंमत न्हाई व्हय माजी?"

"अगं, देव थोरला हाय. मोडली तरी सोसतोय त्यो. तुज्या जिवाला काय झालं मंजी? म्या वळखतो की मला."

मग ते माझ्याकडे वळले. दुकानात पाचसहा गिऱ्हाइकं होती, त्यांतल्या निम्म्यांनी त्यांचं व्याख्यान ऐकलेलं. त्या सगळ्यांदेखत म्हणाले, "पाव्हणं, ती गोळी द्या. माज्या मनाच्यानं न्हाई व्हायाचं."

इतक्या वर्षांचा ताठा त्यांनी बायकोसाठी एका वाक्यात खाली ठेवला होता, आणि मी मात्र उगाच कपाटात काहीतरी शोधत पाठ करून उभा राहिलो. मग गोळी कशी सावकाश चावायची, चुरचुरायला लागलं की गालाशी धरून ठेवायची, हे त्यांना दोनदा समजावलं. "तोंडातच न्हवं?" त्यांनी खात्री करून घेतली.

पहिले पंधरा दिवस त्यांनी घर डोक्यावर घेतलं. बैलांवर ओरडले, एसटी उशिरा आली म्हणून कंडक्टरशी भांडले, मला दिवसातून चारचार फोन. अक्का म्हणायची, "भांडूंद्या. धूर तर न्हाई." मध्ये एका बारशाला दोन विड्या ओढल्याच. पूर्वी एक ओढली की शब्द मोडला, आणि शब्द मोडला की पुन्हा अख्खं बंडल. या वेळी मोडायला शब्दच नव्हता. घरी येऊन उंबऱ्याबाहेर उभं राहून त्यांनी अक्काला स्वतःच सांगितलं, आणि सकाळी पुन्हा गोळी सुरू केली. गोळ्या कमी होत होत गेल्या दिवाळीत संपल्या.

मागच्या महिन्यात आम्ही हिर्डोशीला गेलो. अक्काचा दमा गेलेला नाही, जाणारही नाही. पण आता तिला सलग बोलता येतं, आणि ती बोलते. संध्याकाळी तांदूळ निवडत ती आपल्याशीच पुटपुटत होती. आधी कोंबड्यांवर, मग मेलेल्या जावेवर, मग लहानपणी नदीत हरवलेल्या पैंजणावर. साडू समोर भिंतीला टेकून बसले होते. ती वैतागून म्हणाली, "अवं, जरा भाईर जाऊन बसा की. सारकं काय तोंडाकडं बगताय?" ते हलले नाहीत.

मी हळूच विचारलं, "दाजी, तलफ येते का अजून?"

"येती की." मग अक्काकडेच बघत म्हणाले, "चाळीस वर्सं जेवून उटलो की वट्यावं जाऊन बसलो म्या. ही हितं रोज आसंच बोलत आसंल. मला वाटायचं, भांड्यांचाच आवाज येतोय."

अक्कानं मान वर न करता तांदळातला एक खडा काढून टाकला.

"मंग आता तरी नीट ऐका. कुठवर आलते म्या?"

"पैंजनापतुर," साडू म्हणाले.