नंदूची गाडी का थरथरत होती

सेलवासला कसं जायचं, राहायचं कुठं, दुधनीचं पाणी बघण्यासारखं आहे का, असं मला आतापर्यंत तीन-चार जणांनी विचारून झालंय. एवढी भटकतेस, एवढं लिहितेस, मग नाशिकहून इतकं जवळचं ठिकाण कसं सुटलं, असा वर टोमणा. सुटलेलं नाही हो. गेले होते मी, एकदाच, नव्वदीच्या दशकात, आणि फिरायला म्हणून गेले नव्हते. तरी रस्ता, जेवणखाण, सगळं सांगते. ज्यांना तेवढंच हवंय त्यांनी तेवढंच उचलावं, बाकीचं सोडून द्यावं.

नंदू माझा धाकटा भाऊ. राखोलीला सुताच्या कारखान्यात इंजिनियर होता. तो आणि त्याची बायको सुनीता सेलवासला कंपनीच्या क्वार्टरमध्ये राहायचे. त्याने एक जुनी पांढरी छोटी गाडी घेतली आणि दिवाळीच्या आधी हौसेने तिची लोखंडी चाकं काढून कुठल्याशा मोठ्या गाडीची अलॉयची चकचकीत चाकं बसवली. भाऊबीजेला ती मिरवत नाशिकला आला. गाडी दिसायला झकास, पण साठच्या पुढे गेली की स्टीअरिंग हातात थरथरायचं.

मग काय, घरातच डॉक्टर. आमचे अण्णा बसगाड्यांच्या वर्कशॉपमधून हेड मेकॅनिक म्हणून रिटायर झालेले. गल्लीत कुणाचीही गाडी कुरकुरली की अण्णांना शेजारी बसवून एक चक्कर मारायची, अण्णा डॅशबोर्डवर तळहात टेकवून डोळे मिटणार आणि रोग सांगणार, अशी पद्धतच पडून गेली होती. बहुतेक वेळा तो बरोबर निघायचा. त्र्यंबकच्या रस्त्याला नंदूच्या शेजारी बसून त्यांनी तसाच हात ठेवला. मी मागे होते.

"बॅलन्सिंग," अण्णा म्हणाले. "चाकं चांगली आहेत. कडेला शिशाची वजनं लावून घे, थरथर जाईल."

नंदूचा चेहरा उजळला. आम्हा दोघांनाही बापाचा केवढा अभिमान होता म्हणून सांगू.

माघात नंदू गेला. खानवेलच्या पुढे, दुधनीच्या रस्त्यावर, भर दुपारी. गाडी वळणावर रस्ता सोडून खाली उतरली आणि झाडावर आदळली. आत दारूची बाटली फुटली होती, सगळ्या गाडीला वास. गुजरातेत दारूबंदी आणि लागूनच सेलवासला खुलेआम विक्री, त्यामुळे तिथं अपघात झाला की लोक एकच गोष्ट धरून चालतात. नंदूला घरी आणायच्या आधीच नाशिकला बातमी पोचली होती, प्यायलेला होता म्हणून.

अण्णांनी जन्मात कधी थेंब शिवला नव्हता. तेराव्याला नंदूचा फोटो फ्रेम करून आला, तो त्यांनी कपाटात पालथा टाकला. दारुड्याचा फोटो माझ्या भिंतीवर नको, म्हणाले, भटजींसमोर, पाहुण्यांसमोर. सुनीता एवढंच म्हणाली, "हे प्यायले नव्हते." बाटली कारखान्याच्या पाहुण्यांसाठी होती, त्यांची दुधनीला सहल होती, ते पुढे गेले होते आणि नंदू मागून सामान घेऊन निघाला होता. पण सेलवासला पाहुण्यांसाठीची बाटली हे सगळ्यांचंच उत्तर असतं. कुणी मनावर घेतलं नाही.

कंपनीला क्वार्टर रिकामं करून हवं होतं आणि गाडी पोलिसांच्या आवारात पडून होती. अण्णा म्हणाले, जाऊ, दोन्ही उरकून येऊ. तर सुनीता म्हणाली की सामान आणूया, पण गाडीचं राहू द्या, तिथंच भंगारात देऊन टाकू, अण्णांनी ती बघायला नको.

"का? आणखी बाटल्या निघतील म्हणून?" अण्णांनी विचारलं.

ती गप्प बसली. त्या गप्प बसण्याचा अर्थ आम्ही सगळ्यांनी एकच लावला.

सकाळच्या बसने निघालो. रस्ता त्र्यंबक, मोखाडा, जव्हार असा. आता चांगला झालाय म्हणतात. तेव्हा मोखाड्याच्या वळणांवर बस अशी हेलकावे खायची की सकाळचा चहा घशाशी यायचा. गाडी लागत असेल तर पुढचं बाकडं धरा आणि खिडकी सोडू नका. जव्हारला गाडी बदलायची. स्टँडसमोर गरम भजी आणि तिखटजाळ मिसळ मिळते, तिथंच पोटभर खाऊन घ्या, पुढं सेलवासपर्यंत आम्हाला तरी धड काही मिळालं नाही. फाल्गुन लागला होता, दोन्ही अंगांना पळस पेटलेला. दुसऱ्या कुठल्या प्रवासात मी त्यावर पानभर लिहिलं असतं. अण्णा पुढच्या सीटच्या दांडीवर तळहात टेकवून बसले होते. बस थरथरली की हात तिथंच दाबून धरायचे. चाळीस वर्षांची सवय, मुलगा गेला म्हणून सुटते होय?

सेलवासमध्ये शिरलो तर दारूच्या दुकानांची रांग, बाहेर गुजरातच्या नंबरच्या गाड्या. अण्णांनी ती शेवटच्या दुकानापर्यंत पाहिली आणि सुनीताकडे एक नजर टाकली. तिने पदर सारखा केला. मला त्या म्हाताऱ्याचा त्या दिवशी भयंकर राग आला होता, आणि तिचाही, ती बोलत का नाही म्हणून.

तुम्ही जाणार असाल तर शनिवार-रविवार टाळा, गाव प्यायला आलेल्यांनी भरून वाहतं, लॉजवाले तोंडाला येईल तो भाव सांगतात. बाजारात गुजराती थाळी मात्र उत्तम, तेव्हा पंचवीस रुपयांत शेव-टमाट्याची भाजी, कढी, हवी तेवढी पोळी. आम्ही ती दुसऱ्या दिवशी मागवली आणि तशीच ठेवून उठलो.

क्वार्टरच्या गॅलरीत नंदूच्या गाडीच्या जुन्या लोखंडी चाकांची चवड होती. तिच्यावर सुनीताने तुळशीची कुंडी ठेवली होती. शेजारी पाटील राहायचे, मूळचे जळगावकडचे, नंदूच्याच कारखान्यात सुपरवायझर, रोज त्याच्याच गाडीतून राखोलीला जायचे. संध्याकाळी त्यांनी खिचडी-कढी आणून दिली, आणि सकाळी पोलिसांकडे मीही येतो म्हणाले. सुनीताने त्यांना दारापाशी गाठून हळूच काहीतरी विनवलं. पाटलांनी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी आवारात गेलो. गाडीचा उजवा अर्धा भाग चेपून गेला होता. पुढचं डावं चाक सुटं होतं, ते कुणीतरी मागच्या सीटवर टाकलं होतं. हवालदार म्हणाला, झाडावर आपटून निखळलं. अण्णांना फक्त सही करून निघायचं होतं. पण हात कुठं ऐकतो? चाक निखळलं होतं त्या जागी ते उकिडवे बसले आणि बोटं फिरवायला लागले.

चाक ज्या मधल्या लोखंडी भागावर बसतं त्याला हब म्हणतात. त्यातून चार बोल्ट बाहेर आलेले असतात आणि चाकाची भोकं त्यांच्यावर चढवून नट आवळतात. ते बोल्ट जागेवर होते, पण त्यांचे आटे झिजून सपाट झालेले. अण्णांनी सुटं चाक मागवलं. त्याची भोकं गोल राहिली नव्हती, लांबट झाली होती, कडा घासून चकाकत होत्या.

"आपटून निघालं असतं तर बोल्ट मोडले असते," अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. "हे झिजलंय. किती दिवस झिजत होतं. चाक आधी निघालंय, गाडी नंतर आदळली."

चाक वळणाच्या बरंच अलीकडे सापडलं होतं, असं पाटील म्हणाले. ते त्यांनी हवालदाराला त्याच दिवशी सांगितलं होतं, पण वास आल्यावर चाकाचं कोण ऐकतो. सुनीता गाडीच्या टपावर डोकं टेकवून रडायला लागली. मी तिला जवळ घेतलं. मला वाटलं, सुटलो. नंदू सुटला. आता उठा अण्णा, चला घरी, आणि तो फोटो आधी भिंतीवर लावा.

पण अर्धा रोग सांगून उठणारा माणूस नव्हता तो. चाक ढिलं झालं, पण का झालं? त्यांनी डिकीतून स्टेपनी काढायला लावली. ती गाडीचं मूळचं लोखंडी चाक होती. ती हबवर टेकवली तर डब्याला झाकण बसावं तशी बसली, मधे फट नाही. मग अलॉयचं चाक टेकवलं. मोठ्या गाडीचं ते, त्याचं मधलं भोकही मोठं. हब आणि चाक यांच्यामधे अण्णांचं बोट गेलं. म्हणजे गाडीचा सगळा भार त्या चार नटांवर, आणि चाक कधीच मधोमध बसलेलं नाही. म्हणून थरथर, थरथरीने नट ढिले, नट ढिले म्हणून आणखी थरथर. याला बॅलन्सिंग हे औषधच नव्हतं.

हे ते आम्हाला समजावून सांगत होते, अगदी गल्लीत सांगायचे तसं. सांगता सांगता त्यांनी चाक उलटं केलं. आतल्या कडेला शिशाची वजनं लावलेली होती. एकाशेजारी एक. काही काळी पडलेली, काही नवीकोरी.

"ही कुणी लावली?" अण्णांनी विचारलं.

"नंदूभाऊनं," पाटील म्हणाले. "वापीले जाऊन. थरथर जाईना म्हणून पुन्हा गेला, पुन्हा लावली. मी त्याले म्हटलं, जुनी चाकं गॅलरीत पडेल आहेत, ती टाक ना परत. तर म्हणे, अण्णांनी बघितलंय. चाकं चांगली आहेत."

आणि मग पाटलांच्या लक्षात आलं की आपण काय बोललो. सुनीता रडायची थांबली होती. "ताई, ह्यांना घेऊन चला इथून," ती मला म्हणाली.

अण्णा हलले नाहीत. त्यांनी पाटलांकडून स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि ती वजनं एकेक करून उचकटली, सगळी, आणि खिशात टाकली. मग हवालदाराला म्हणाले, जबाब लिहून घ्या. हवालदार वाईट माणूस नव्हता. पंचनामा तर थई गयो काका, आता काय फायदा, असं म्हणत का होईना त्याने लिहिलं, की चाक आधी निघालं, म्हणून गाडी खाली गेली.

"पुढे लिहा," अण्णा म्हणाले. "पोराने विचारलं होतं. बापाने चुकीचं सांगितलं."

"एवुं न लखाय, काका," हवालदार म्हणाला आणि त्याने पेनाचं टोपण लावलं. असं काही लिहीत नसतात.

तिसऱ्या दिवशी अण्णांना ती जागा बघायची होती. खानवेलहून पुढे जीप मिळतात, भरेपर्यंत सुटत नाहीत, तेवढा वेळ हाताशी ठेवा. झाडाची साल निघाली होती, बाकी काही नाही. तिथून दुधनी जवळच. धरणाचं पाणी टेकड्यांमधून आत आत शिरलंय, कोळ्यांच्या होड्या, लांब कुडाची घरं. विचारणाऱ्यांना उत्तर देऊन टाकते, हो, बघण्यासारखं आहे, फार सुंदर आहे. मला त्या पाण्याचा संताप आला.

सामान टेम्पोत घातलं आणि आम्ही बसने परतलो. जव्हारला अण्णा नळावर तोंड धुवायला गेले तेव्हा मी सुनीताला गाठलं. तुला हे माहीत होतं? म्हणाली, पाटीलभाऊंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, अण्णांसमोर बोलू नका म्हणून तिनेच त्यांना विनवलं होतं, पण त्यांच्या तोंडून निसटलं. मी चिडलेच. तेराव्याला तुझ्या नवऱ्याला भरल्या घरात दारुडा म्हणत होते, तेव्हा तोंड शिवलं होतं का तुझं?

"दारुडा मुलगा गेला म्हटल्यावर अण्णा रागावर जगले असते, ताई," ती म्हणाली. "आता कशावर जगतील?"

अण्णा ओल्या तोंडाने परत आले. पुसायचं राहून गेलं होतं. तिने स्वतःचा रुमाल पुढे केला, तो त्यांनी घेतला.

घरी आल्यावर अण्णांनी कपाटातून फोटो काढला, स्वतः खिळा ठोकला आणि लावला. हार सुनीताने घातला. तेराव्याला आलेल्या एकेका नातेवाइकाकडे ते जाऊन आले, चहा न घेता, उभ्या उभ्या सांगून, की नंदू प्यायलेला नव्हता, मी चुकलो. लोक कावरेबावरे व्हायचे, जाऊ द्या हो म्हणायचे. ती शिशाची वजनं त्यांनी फोटोखालच्या फळीवर ठेवली. सुनीताने एकदा उचलून आत टाकली, तर पुन्हा आणून ठेवली.

तेव्हा चाकं बदलण्याची हौस असलेल्यांनो, एवढं करा. मधलं भोक हबवर घट्ट बसतंय का ते आधी बघा, नट त्या चाकाचेच घ्या, आणि बॅलन्सिंग करूनही थरथर गेली नाही तर जुनी चाकं परत टाका. कुणी काहीही सांगितलेलं असो.

अण्णा नंतर पुष्कळ वर्षं होते. गल्लीतल्या गाड्या त्यांच्याकडे यायच्या बंद झाल्या, कारण विचारलं की ते मला त्यातलं कळत नाही म्हणायचे. गाडीत बसले तर हात मांडीवर, मुठी मिटलेल्या. मी माझी पहिली गाडी घेतली ती जुनीच होती आणि गंगापूर रोडला तिचं स्टीअरिंग जरा थरथरलं. मला वाटलं, आता तरी. मी मुद्दाम म्हटलं, अण्णा, जरा हात ठेवून बघा ना.

"गाडी बाजूला घे," ते म्हणाले.

मी घेतली. ते उतरले, दार नीट लावलं आणि घराच्या दिशेने चालायला लागले. मी हाका मारल्या, त्यांनी मागे पाहिलं नाही. घर चांगलं लांब होतं. मी पहिल्या गिअरमध्ये गाडी त्यांच्या मागे मागे घेत घरापर्यंत आले.